ताईला गाडी लागते

"आपण तिघंच, म्हणजे मागची अर्धी सीट सामानाला मोकळी," छोट्या अगदी सहज म्हणाला, आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर वाकलेल्या ताईचा हात क्षणभर थांबला... क्षणभरच. मग तिने किनाऱ्यावरच्या तिसऱ्या मुक्कामापुढे 'सकाळी आठ वीस' असं लिहिलं आणि पुढची ओळ घेतली.

छोट्या म्हणजे तिचा भाऊ. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, एक्कावन्न वर्षांचा, डोक्यावर टक्कल. पण घरात तो अजून छोट्याच होता आणि ती सगळ्यांची ताई, अगदी भावजयीचीसुद्धा. छोट्याच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी ठरलं होतं. त्याआधी आईबाप आणि लेक अशा तिघांनी स्वतःची गाडी काढायची, घाट उतरून समुद्र गाठायचा आणि सहा दिवस किनाऱ्याच्या कडेकडेने हिंडायचं, असा बेत होता. बेत तिघांचा, तो आखण्याचं काम मात्र ताईचं. सदतीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात काढलेली बाई घरात असताना दुसऱ्या कोणी कागदाला हात लावावा तरी कशाला?

"आत्या, हे सगळं फोनवर दिसतं गं," भाची म्हणाली.

"घाटात लाकडाचे ट्रक किती वेळ अडवतात ते दिसतं का त्याच्यावर?"

"नाही."

"मग त्याला झोपू दे थोडा वेळ. मी लिहिते."

ताईला बरोबर चल असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. ताईला गाडी लागते. कोणी डावखुरं असतं, कोणाला दूध पचत नाही, तशी ही गोष्ट घरात इतकी जुनी झाली होती की ती बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. लग्नकार्याला ती रेल्वेने जाई. जिथे रेल्वे जात नाही, तिथे ती जात नसे.

खरं सांगायचं तर ताईला गाडी लागत नव्हती. आयुष्यात एकदाही लागली नव्हती!

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, अर्धांगवायू. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी एका मित्राची जीप ठरवली. मुलांना एकदा तरी समुद्र दाखवावा, ही इच्छा आईचीच. शेजारची काकू चार दिवस आईपाशी राहणार होती. निघायच्या दिवशी सकाळी काकूचा निरोप आला, जमत नाही. जीप दारात उभी. नऊ वर्षांचा छोट्या पुढच्या सीटवर चढून बसलेला. बाबा व्हरांड्यात उभे. आतल्या खोलीत आईने सगळं ऐकलेलं, आणि तिच्या डोळ्यांत असं काही दाटून आलेलं की ताईला ते बघवेना... माझ्यामुळे लेकरांचं राहिलं, एवढं एकच वाक्य त्या डोळ्यांत होतं. तेव्हा ताई मोठ्याने, आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला सांगणारच होते. मला गाडी लागते. मला नाही यायचं."

जीप गेली. छोट्या समुद्र बघून आला आणि पुढे महिनाभर ताईला लाटा कशा येतात ते हातवारे करून दाखवत राहिला. आई त्यानंतर चौदा वर्षं जगली.

खोटं एकदाच बोलायचं होतं. ते पुढे आयुष्यभर पाळावं लागेल हे एकोणिसाव्या वर्षी कोणाला कळतं?

निघायला दोन दिवस उरले, त्या सकाळी छोट्याच्या दुकानात चष्म्यासाठी येणारे, डेपोतले एक निवृत्त ड्रायव्हरकाका गाडी बघायला आले. घाटात गाडी चालवायची छोट्याला धास्ती होती, म्हणून खाली उतरेपर्यंत तेवढी त्यांनी चालवावी आणि एसटीने परत यावं असं ठरलं होतं. काकांनी बॉनेट उघडलं, तेल बघितलं, चाकांना लाथा मारल्या, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या ताईकडे बघत राहिले.

"बाई? वेळापत्रकवाल्या बाई ना तुम्ही? ओळखलंच नाही बघा. केस किती पांढरे झाले तुमचे."

"तुमचे तर राहिलेच नाहीत," ताई म्हणाली.

काका खूष झाले. "म्हणजे घाटाची काळजीच मिटली. बाई बरोबर असल्यावर मी कशाला हवा?"

"ती नाही येत, काका," छोट्या म्हणाला. "तिला गाडी लागते."

"कोणाला?" काकांनी बशी खाली ठेवली. "बाईंना? अहो, नवीन फेरी सुरू करायची तर आधी चाचणी घ्यायची असते, प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागतात ती. घाटाच्या सगळ्या चाचण्या ह्यांनी माझ्या गाडीतून घेतल्यात. चढाचीच एकोणतीस वळणं. मागे कंडक्टर पिशवीत तोंड खुपसून बसलेला, आणि ह्या मांडीवर पुठ्ठा ठेवून खाली मान घालून आकडे लिहितायत. वर मलाच म्हणायच्या, तेराव्या वळणाला उगाच ब्रेक दाबता, अर्धं मिनिट जातं." ते हसले. "माथ्यावर आमची हद्द संपायची. मी गाडी वळवून घेईपर्यंत बाई कठड्यापाशी उभ्या. स्वच्छ दिवस असला की खाली समुद्राची रेघ दिसते तिथून. मी हॉर्न दिला तरी हलायच्या नाहीत."

कोणी हसलं नाही. काकांनी चहा संपवला, परवा येतो म्हणाले आणि गेले.

"ताई," छोट्या म्हणाला, "काका काय म्हणत होते?"

"वय झालंय त्यांचं. दुसरी कोणी असेल."

"ताई," भावजय हळूच म्हणाली, "तुमच्या कागदावर घाटापुढे लिहिलंय, तेराव्या वळणाला ब्रेक नको. मी काल वाचलं. मला वाटलं, कुठल्या पुस्तकात असेल."

सदतीस वर्षं जे डेपोच्या फाटकाबाहेर येऊ दिलं नव्हतं, ते ताईने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि जे होतं ते तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. तपासनीसाला उशिराचं कारण सांगावं तसं सांगितलं.

छोट्याचा चेहरा आधी रागाने लाल झाला. "मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरलो, माझी ताई ओकते म्हणून घरी राहिली. मला विचारायचं तरी होतंस, मी थांबलो असतो की..."

"म्हणूनच नाही विचारलं."

"आणि बंदरावरचं ते स्थळ? तो रस्ता मला झेपणार नाही म्हणालीस, तेसुद्धा..."

"ते राहू दे."

"बरं, आईसाठी केलंस. पण आईला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, ताई."

"बाबा होते ना," ताई म्हणाली. "जीप सुटताना बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, छोट्या. त्यांना कळलं होतं. नंतर मी एकदा जरी गाडीतून हसत उतरले असते, तर त्यांना माझ्यासमोर मान वर करता आली नसती. म्हणून ते असेपर्यंत..."

"बाबाही गेले एकोणीस वर्षांपूर्वी. त्यानंतर?"

उत्तर ताईलाही नव्यानेच शोधावं लागत होतं.

"त्यानंतर कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.

तेव्हा मात्र तो एक्कावन्न वर्षांचा माणूस टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि ताईचा हात सवयीने त्याच्या पाठीवरून फिरत राहिला... जणू चूक तिचीच होती!

"सव्वीस वर्षं," भावजय भिंतीकडे बघत म्हणाली, "घराच्या किल्ल्या तुमच्या हातात देऊन निघतेय मी. आणि वर म्हणतेय, ताई आहेत म्हणून बरं."

"अगं, त्यात काय. आत्ताही तुम्ही जा. झाडांना पाणी घालायला कोणीतरी..."

"झाडं मरू देत, आत्या," भाची म्हणाली.

छोट्याने डोळे पुसले, ताईचे कागद पुढे ओढले आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ वाचायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिचं काम असं नीट वाचलं असेल. प्रत्येक ठिकाणासमोर दोन रकाने, पोचण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ. मध्ये थांब्याचं कारण.

"माझ्या फोटोंना वीस मिनिटं. हिच्या खरेदीला चाळीस. पोरीच्या पोहण्याला दीड तास. गुडघे दुखतात म्हणून माझ्यासाठी दर दोन तासांनी थांबा." त्याने कागद तिच्यासमोर ठेवला. "तुझं कुठाय ह्यात?"

"माझं काय असणार?"

"लिही. लिहिल्याशिवाय मी गाडी काढणार नाही, आणि हे मी गमतीने बोलत नाहीये."

ताईने पेन उचललं. हजारो माणसांच्या वेळा तिने जुळवल्या होत्या. कामावर जाणाऱ्यांच्या, शाळेतल्या मुलांच्या, दवाखान्यात तपासून घ्यायला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या. स्वतःसाठी काय मागायचं असतं आणि ते कसं, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. भाचीने बोलायला तोंड उघडलं. आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मग ताईने पहिल्या दिवसाच्या पानावर, जिथे घाट संपून रस्ता पहिल्यांदा पाण्याला भिडतो, तिथे दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात एक नवी ओळ घातली. पोचण्याची वेळ लिहिली, दुपारी चार दहा. कारणाच्या जागी 'ताई' एवढंच लिहिलं. आणि कागद छोट्याकडे सरकवला.

"सुटण्याची वेळ राहिली," छोट्या म्हणाला.

"राहिली नाही," ताई म्हणाली. "मी सांगेन तेव्हा निघायचं."