दांडा हातात, उमेदवार अनुपस्थित

परीक्षा कार्यालयाच्या साहेबांनो, मंगली उसेंडी परीक्षेला आलीच नाही, असं तुम्ही लिहिलंत. खोटं लिहिलंत. ती आली होती. तुमच्याच खुर्चीत बसली होती, तुम्हीच पाठवलेला विमान चालवायचा दांडा मुठीत धरून. तुमच्या सॉफ्टवेअरला दांडा दिसला नाही, तर तुम्ही माणूसच खोडून टाकलात. वर आम्हाला अडाणी ठरवलंत. तुमच्याशी शेवटी बोलतो. आधी पोरांना नीट सांगू द्या, कारण ती निदान ऐकतात.

तर पोरांनो, बोरीघाट हे नदीकाठचं गाव. नदीपल्याड डोंगर, डोंगरात वस्त्या. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की वस्त्यांना जाणारा रस्ता बंद. म्हणून सरकारने बोरीघाटला औषधवाहू दिलं. औषधवाहू म्हणजे माणूस न बसणारं छोटं विमान. पोटात औषधाची पेटी ठेवायची आणि जमिनीवर खोलीत बसून ते चालवायचं. मैदानात ते आपलं आपण उडतं. पण पल्याडच्या दरीत वारा असा गरगर वळतो, की यंत्राची अक्कल संपते आणि विमान मागे फिरतं. तिथे माणसाचा हात लागतो. आणि हाताला लागतो परवाना.

बोरीघाटात परवाना कोणाकडेच नव्हता.

गेल्या श्रावणात सुट्टीत पल्याडच्या वस्तीवर घरी गेलेल्या सोमीला साप चावला. सोमी बारा वर्षांची, आश्रमशाळेत मंगलीच्या भाचीच्या, रैनीच्या, शेजारच्या खाटेवर झोपायची. विषउतारा बोरीघाटच्या दवाखान्यात फ्रिजमध्ये होता. औषधवाहू शेडमध्ये उभं होतं. नदी भरून वाहत होती. उडवायचं कोणी? विनापरवाना उडवाल तर तुरुंगात जाल, असं वरून कळवण्यात आलं. सकाळपर्यंत सोमी गेली. शाळा भरली तेव्हा रैनीच्या शेजारची खाट रिकामी होती, आणि त्या खाटेवर गुरुजींनी अजून कोणाला झोपवलेलं नाही.

त्याच महिन्यात रैनीच्या आत्याने, मंगलीने, सरावकेंद्रात नाव घातलं. केंद्रात सिम्युलेटर होता (म्हणजे पडद्यावरचं खोटं विमान, पण वारा, वजन, वेग सगळं खऱ्याच्या हिशोबाने). समोर मोठा पडदा, हातात काळा दांडा. दांडा पुढे दाबला की नाक खाली, मागे ओढला की वर, बाजूला कलवला की विमान कलतं. मंगलीने पडद्यावरची दरी इतक्यांदा ओलांडली, की ती झोपेतही मनगट वळवायची.

परवान्याची परीक्षा ठेवली होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता इथे नीट लक्ष द्या.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पूजतात. सुतार करवत पूजतो, शिंपी मशीन पूजतो. केंद्राचे ढवळे सर दांडा पूजतात. त्यांनी संगणकाच्या पाठीमागून दांड्याची वायर उपसली, दांडा पुसून पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नसतं. दांडा पाटावरच राहिला. परीक्षेच्या सकाळी सरांनी त्याला नमस्कार केला, वायर पुन्हा खुपसली आणि म्हणाले, "बस पोरी. आज नदी ओलांडून दाखव."

पडद्यावर धावपट्टी आली. मंगलीने दांडा ओढला. काही नाही. कलवला. काही नाही. विमान मेलेल्या बैलासारखं पडून. मग पडद्यावर अक्षरं आली: नियंत्रक आढळला नाही.

"सर, मी ओढून राहिली," मंगली म्हणाली. "हलतच नाही."

"जोरात ओढ."

"जोराचा प्रश्न नाही ना सर."

सरांनी वायर हलवली, ठोकली, फुंकर मारली. घड्याळ उलटं धावत होतं. ते संपलं आणि पडद्यावर दुसरी अक्षरं आली: उमेदवार अनुपस्थित. मंगलीने दांडा सोडला नाही. तशीच बसून राहिली.

सरांनी राजधानीतल्या परीक्षा कार्यालयाला कॉल लावला. पडद्यावर एक साहेब आले. त्यांनी आधी दांडा बघितला, माणसं नंतर.

"ते लाल काय लागलंय त्याला?"

"कुंकू, साहेब. खंडेनवमी झाली ना."

"विद्युत उपकरणाला कुंकू? ढवळे, देव आहे का तो? ओलं कुंकू आत गेलं असणार. बिघडवलंत तुम्ही." साहेबांनी चष्मा पुसला. "चारच्या आत बिघाडाचं कारण पुराव्यासह पाठवा. संध्याकाळच्या तुकडीत बसवायचं का ते मग पाहू. नाहीतर औषधवाहू दुसऱ्या तालुक्याला जाईल. उडवायला माणूस नसताना शेडमध्ये ठेवून काय उपयोग?"

साहेब गेले. ढवळे सर पाटाशेजारी खाली बसले. "माझ्याच हाताने झालं," एवढंच म्हणाले.

रैनी दाराशी उभी होती. ती तिथून सरळ मागच्या गोदामात गेली. तिथे पत्र्या राहतो.

पत्र्या म्हणजे केंद्राचा जुना दुरुस्ती रोबो. एक हात निकामी, छातीला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला, म्हणून पत्र्या. वरच्या कार्यालयाने त्याला केव्हाच भंगारात काढलाय. कागदावर तो वितळवलेला आहे. प्रत्यक्षात तो गोदामात पंखे दुरुस्त करतो.

"पत्र्या, दांड्यात कुंकू गेलं. काढून दे."

"पाहिलंस का गेलेलं?"

"साहेब म्हणाले."

"साहेब तर मला वितळलेला म्हणतात," पत्र्या म्हणाला. "चल. आणि चालता चालता रडू नको वं, माझ्या चाकाला पाणी सोसत नाही."

खोलीत येऊन त्याने आपला एकच चालू हात मागे घेतला. "मी हात लावणार नाही. तू शोधायचं. पहिलं सांग, दांड्याला वीज पोचते का?"

रैनीने वाकून बघितलं. दांड्याच्या बुडाशी हिरवा दिवा जळत होता. "पोचते."

"मग वायर तुटलेली नाही, निदान विजेपुरती. आता दुसरं. संगणकाला दांडा कळतो का? सिम्युलेटर नाही म्हणत मी. संगणक. दोघं वेगळे आहेत. संगणक म्हणजे घर. सिम्युलेटर हा त्या घरातला भाडेकरू. पाहुणा दारात आला हे घराला कळतं, पण भाडेकरू आपल्या खोलीतून बाहेर बघेलच असं नाही."

मंगलीने संगणकाची तपासणीची खिडकी उघडली. त्यात एक चौकोन आणि चौकोनात एक फुली. तिने दांडा डावीकडे नेला. फुली डावीकडे गेली. पुढे दाबला, फुली वर सरकली. एकदम गुळगुळीत.

"अरे," ढवळे सर उठले. "हा तर चालतोय."

"म्हणजे कुंकू आत गेलं नाही," रैनी म्हणाली. "गेलं असतं तर फुली हलली नसती."

"किंवा अडखळली असती," पत्र्या म्हणाला. "दांडा निर्दोष. कुंकू निर्दोष. वायर निर्दोष. मग चोर कुठाय?"

"घर आणि भाडेकरूच्या मध्ये."

"आता कसं बोललीस. ऐक. वायर खुपसली की संगणक आधी वीज देतो आणि लगेच विचारतो, कोण रे तू? दांडा तीन गोष्टी सांगू शकतो. मला कोणी बनवलं. मी कोणत्या जातीचा, म्हणजे दांडा, पायाने दाबायची पट्टी की आणखी काही. आणि तिसरी, माझा स्वतःचा क्रमांक, जो जगात दुसऱ्या कोणाचा नसतो. पण क्रमांक आत घालायला खर्च येतो. कार्यालयाने घेतलेल्या स्वस्त दांड्यांत तो घातलेलाच नाही. आपला दांडा पहिल्या दोन गोष्टी सांगतो आणि तिसरीला गप्प बसतो."

"मग संगणक त्याला ओळखतो कसा?"

"तूच सांग. तुझ्या आश्रमशाळेत एकाच नावाच्या, एकाच गणवेशातल्या, एकसारखं डोकं भादरलेल्या दोन पोरी आल्या तर गुरुजी कशा ओळखतील?"

रैनीने बोटाने हवेत खाटांची रांग मोजली. "खाटेवरून," ती म्हणाली. "खिडकीजवळच्या खाटेवरची ही, दाराजवळची ती. गुरुजी अंधारात हजेरी घेतात ना, तेव्हा खाटच बघतात."

"आणि पोरगी दुसऱ्या खाटेवर झोपली तर?"

"तिची खाट रिकामी दिसेल. गुरुजी गैरहजर लिहितील." तिने मंगलीकडे पाहिलं. "पोरगी तिथेच असेल तरी."

ती कोणत्या खाटेचा विचार करत होती ते मंगलीला कळलं असावं. तिने रैनीच्या डोक्यावर हात ठेवला.

"संगणकाच्या पाठीला सॉकेटं असतात (वायर खुपसायची भोकं). त्याच खाटा," पत्र्या हळूच म्हणाला. "क्रमांक नसलेल्या दांड्याला संगणक खाटेवरून ओळखतो. खाट बदलली की त्याला वाटतं, नवाच कोणी आला. नवं नाव देतो. सिम्युलेटर बसतो जुन्या नावाने हाका मारत."

रैनी संगणकाच्या पाठीमागे गेली. तिथे सगळी सॉकेटं एकसारखी आणि सगळ्यांवर धूळ. पण वायर होती त्या सॉकेटच्या कडेला लाल बोट उमटलं होतं. सकाळी सरांच्या बोटाला कुंकू होतं. म्हणजे ही नवी खाट. आणि खालच्या रांगेत एक सॉकेट असं होतं, की त्याच्याभोवती धूळ अजिबात नव्हती. तिथे इतके दिवस काहीतरी खुपसलेलं होतं.

"सर, तुम्ही आज वर खुपसलं. आधी खाली होतं."

"सगळी सारखीच तर आहेत," ढवळे सर म्हणाले. "मला काय माहीत त्याला जागा लागते. माझ्या बापाने पूजलेली करवत कुठल्याही खिळ्यावर टांगली तरी कापायची."

"खिळा करवतीला ओळख विचारत नाही, सर," पत्र्या म्हणाला.

रैनीने दोन्ही सॉकेटांचे फोटो काढले, लाल बोटासकट. मग वायर उपसून खालच्या सॉकेटात खुपसली. पडद्यावर अक्षरं आली: नियंत्रक आढळला. मंगलीने दांडा ओढला आणि विमानाने नाक उचललं.

घरी खेळताना तुमचाही दांडा असा हरवला, तर घाबरू नका आणि आपटू तर नकाच. आधी दिवा बघा. मग संगणकाची फुली बघा. फुली हलत असेल तर कालपासून काय बदललं ते आठवा. जुन्या सॉकेटात वायर घाला, नाहीतर सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जाऊन नव्या नावाचा दांडा निवडा. तुमच्याकडे ते सेटिंग उघडं असतं. बोरीघाटला ते कार्यालयाने कुलूपबंद केलं होतं, परीक्षेत कोणी लबाडी करू नये म्हणून.

पुरावा चारच्या आधी गेला. दोन फोटो, फुलीचं चित्रण, आणि मंगलीने पडद्यावर दरी ओलांडून वस्तीच्या टेकाडावर पेटी उतरवली त्याचं पूर्ण चित्रण. ढवळे सरांनी खाली लिहिलं, चूक माझी, पोरीची नाही.

उत्तर आलं. तुम्हीच पाठवलंत, आठवतं ना? "सदर उमेदवार अनुपस्थित असल्याने तिची तांत्रिक तक्रार ग्राह्य धरता येत नाही."

रैनीने ते दोनदा वाचलं. "पत्र्या, हे तर दांड्यासारखंच झालं. आत्या इथे बसली आहे आणि हे रिकामी खाट बघून राहिले."

"हो. फरक एवढाच, की सॉफ्टवेअरला खाटेपलीकडे बघता येत नाही. यांना डोळे आहेत."

औषधवाहू नेणारी गाडी आठवड्याने आली. शेड रिकामी झाली. मंगली रोज त्या खोलीत बसते आणि पडद्यावरची दरी ओलांडते. रैनी तिच्या शेजारी बसून शिकते. दांड्याच्या वायरीवर आणि खालच्या सॉकेटवर तिने कुंकवाचा एकेक ठिपका लावलाय. आता कोणीही वायर उपसली तरी ती आपल्या जागीच जाते. पुढच्या खंडेनवमीलाही जाईल. तोवर रैनी आणखी मोठी झालेली असेल आणि दरी तिच्याही हातात बसलेली असेल.

पण पावसाळा पुढच्या खंडेनवमीच्या आधी येतो.

म्हणून आता तुम्हाला विचारतो. स्वतःचा क्रमांक नसलेले दांडे तुम्ही घेतलेत. सेटिंगला कुलूप तुम्ही घातलंत. हातात दांडा धरून बसलेल्या पोरीला गैरहजर तुम्ही लिहिलंत. ज्येष्ठात नदी भरेल. पल्याडच्या वस्तीवर कोणाला तरी साप चावेल, विषउतारा फ्रिजमध्ये असेल आणि शेड रिकामी असेल. त्या दिवशी हजेरीत अनुपस्थित कोणाला लिहायचं? नाव सांगा.