‘कडा’ची एकुलती टेप

टेप चोरीला गेली हे सांगायला विनोदची बायको सुप्रिया अनवाणीच महाडच्या चौकीत आली. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातलं ऊन, रस्त्यावर पाय ठेववत नव्हता. हवालदार कुशाबा उतेकर आधी वैतागलेच. टेपेसाठी एवढं कुणी रडतं?

“साहेब, बाजारातली टेप नाय ती. ह्यांच्या ‘कडा’ बँडची हाय. बारा वर्षांनी परत जमले, अल्बम केला. मग ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. आता ह्यांचा आवाज तेवढ्या टेपेतच हाय!”

“दुसरी प्रत?”

“नाय. स्टुडिओवाल्यानं मूळ रिळं पुसून वापरली.”

कुशाबा टोपी चढवून उठले.

विनोदच्या आळीत सगळे औद्योगिक वसाहतीतले कामगार. रंगाच्या कंपनीतल्या माणसांचे बनियन दोरीवर वाळत होते, धुऊनही मानेपाशी गुलाबी. विनोद ओट्यावर बसला होता, गळ्याला पट्टी बांधून. कुलूप शाबूत होतं.

“किल्ली कुठं असते?”

“कुंडीखाली. बँडवाल्यांनाच ठाऊक. आम्ही सकाळी पट्टी बदलायला दवाखान्यात गेलो होतो, हर्षद मधेच बाहेर गेलता,” सुप्रिया म्हणाली.

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

गिटारवाला हर्षद मुंबईहून टेप घेऊन आला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

“दवाखान्यातनं मधेच कुठं गेलतास?”

“फोन करायला. उद्या टेप पोचली नाही तर कॅसेट कंपनी करार मोडणार आहे.”

“टेप ऐकली कुणी?”

“मी आणि विनोदनं. काल संध्याकाळी, इथंच.”

“बँडात अजून कोण? त्यानं ऐकली?”

हर्षदनं मान खाली घातली. “फक्त ड्रमवाला चंदन. त्याला नंतर ऐकवणार होतो.”

तेवढ्यात चंदन आलाच, घामाघूम. टॉवेलनं मान खसाखसा पुसून तो दारात उभा राहिला.

“सकाळपासनं कुठं होतास रे?”

“ड्यूटीवर. रंगखात्यात. आता सुटलो.”

“घरी जाऊन आंघोळ करून आलास?”

“कसली आंघोळ! बसमधनं उतरलो, चोरीचं कळलं, तसाच पळत आलो.”

कुशाबांनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून सगळ्यांसमोर धरला. पांढराशुभ्र.

“रंगखात्यातल्या माणसाला घामसुद्धा रंगीत येतो. बाहेर बनियन बघा, धुऊन धुऊन बायकांचे हात गेले. आणि तू सकाळभर रंगात राबून बिनआंघोळीचा आलास, तरी टॉवेल कोरा? तू आज कंपनीत गेलाच नायस. हर्षदला ती टेप लांबवायची असती, तर त्यानं ती मुंबईहून आणलीच नसती. ती नको असलेला माणूस तू. का, ते हर्षद सांगेल. तुझ्यापासनं काय लपवत होते?”

हर्षद पुटपुटला, “कॅसेट कंपनीला त्याचे ड्रम जुनाट वाटले. आम्ही ते काढून मशीनचा ताल भरला.”

चंदननं टॉवेल हिसकावून घेतला. “काल दाराबाहेर उभा राहून ऐकली मी. बारा वर्षं घरात डबे बडवले, हात आखडू नये म्हणून. नि अल्बमात मीच नाय!”

“टेप कुठं हाय?”

“दासगावला. सावित्री नदीत फेकली.”

“विनोदचा आवाज होता रे त्यात!” हर्षद कळवळला.

“फेकल्यावर आठवलं.”

विनोद धडपडत उठला, त्यानं चंदनची कॉलर धरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला तोंड उघडलं.

आवाज आलाच नाही.