धड डोळ्याची राखण

बदनापूरला माझं पेरणीयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. वैशाखातल्या एका दुपारी गंजलेली पिन छन्नी लावून ठोकत होतो. कामाचा चष्मा खिळ्याला टांगलेला होता. तिसऱ्या घावाला लोखंडाची बारीक कपची उडाली आणि उजव्या डोळ्यात शिरली. दुखलं फारसं नाही. कोमट पाणी गालावरून ओघळलं आणि त्या बाजूचं जग विझलं, एवढंच.

संभाजीनगरच्या दवाखान्यात कपची काढली, डोळा शिवला. डोळे हलू नयेत म्हणून दोन दिवस दोन्हींवर पट्टी. त्या अंधारात मी फक्त ऐकत पडून असायचो. पंख्याची कुरकुर, उशाशी बसलेल्या तृप्तीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, बांगड्या. दुसऱ्या दुपारी त्या बांगड्याही गप्प झाल्या. डाव्या बाजूनं नदीच्या गाळासारखा ओला वास आला, आणि शेजारच्या खाटेवरून कुणी म्हातारा हळू आवाजात बोलला.

"जागा हाय का?"

"हाय. कोण तुम्ही?"

"अप्पाराव. शहागडचा. मला बाभळीचा काटा गेल्ता..." तो जरा थांबला. "धड डोळ्यावर ध्यान ठेव, बाबा. फुटका डोळा मागाहून चांगल्याला बोलावून घेतो. उजेड टोचायला लागला की जल्दी इथं ये. मी घरीच बसून राह्यलो... दोन्ही गेले."

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि ऊन डाव्या डोळ्यात सुईसारखं शिरलं. नट-बोल्ट धुक्यात असल्यासारखे दिसायला लागले. एरवी झोप झाली नसेल म्हणून सोडून दिलं असतं. त्या दिवशी शटर खाली ओढलं आणि तृप्तीला घेऊन मिळेल ती गाडी पकडली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "एका डोळ्याला जखम झाली की क्वचित शरीर दुसऱ्या डोळ्यावरही उलटतं. थोडा उशीर केला असता तर हाही गेला असता. वेळेवर कसे आलात?"

"डावीकडच्या खाटेवरच्या अप्पारावांनी सांगितलं होतं."

"तुमच्या डावीकडे खाट नव्हती," त्या म्हणाल्या. "तिथं भिंत आहे."

तृप्ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही एकटेच बोलून राह्यल्ते. मला वाटलं, गुंगीत हायत."

औषधानं डावा डोळा वाचला. तृप्तीचा चेहरा पुन्हा स्वच्छ दिसला, त्याच आठवड्यात मी नारळ घेऊन शहागड गाठलं. विचारत विचारत घर सापडलं. दारात अप्पारावांचा मुलगा अंगद भेटला. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. माझी हकीकत त्यानं शांतपणे ऐकली, पाणी दिलं आणि आत फोटोपुढं नेलं.

मी नारळ ठेवला, डोकं टेकवलं.

"नजर लई मायाळू हाय त्यांची," मी म्हणालो.

अंगदनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुम्हाला डोळे उघडे दिसून राह्यले?"

"हो. माझ्याकडंच बघून राह्यले."

"आम्हाला मिटलेलेच दिसतात. आंधळे झाल्यावरच काढल्ता हा फोटो..." त्यानं आवाज आणखी खाली आणला. "तुमच्या आधी तिघं आल्ते. तेबी हेच म्हणून गेले."