अख्खा ग्रह झोपतो ती गाठ

शाल्मलीचा बूट वर गेला आणि बराच वेळ खाली आलाच नाही.

चंद्रावर हे असंच असतं. तिथलं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे वस्तू पडतात, पण घाई करत नाहीत. काचेच्या घुमटाखाली, निळ्या पृथ्वीच्या समोरून तो बूट तरंगत गेला, तेव्हा खो-खोचे दोन्ही संघ माना वर करून बघत राहिले. एका मुलीचं मात्र लक्ष होतं. तिने शाल्मलीला शिवून बाद केलं.

"वा! सुंदर!" मिठबावकर सर म्हणाले. सूर कौतुकाचा नव्हता. "उद्या अंतिम सामना आहे. तुला घेतो. पण नाडी सुटली की तू बाकावर, मग परत आत नाही. कळलं?"

आता कोणी विचारेल, चंद्रावर आपोआप आवळणारे बूट नव्हते का? होते. चंद्राची बारीक धूळ त्यांच्या यंत्रात गेली आणि ते आवळेनासे झाले. मग वसाहतीने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सखोल अभ्यास करून सुचवलं, की नाडी बांधावी. कशी बांधावी, हा विषय समितीच्या कक्षेत नव्हता.

शाल्मलीने एकदा निरगाठही मारून पाहिली होती. ती सुटली नाही. कशानेच सुटली नाही. शेवटी आईने कात्री आणली.

घरी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर फीतमावशी डुलक्या घेत होती. फीतमावशी म्हणजे दूरच्या एका ग्रहावरून आलेली पाहुणी. बोटभर रुंद, खाटेहून लांब, जांभळट, एका टोकाला दोन डोळे. हात नाहीत, पाय नाहीत. तिच्या ग्रहावर वारा कधी थांबतच नाही, म्हणून तिथली मंडळी झोपताना झाडाच्या फांदीला स्वतःचीच गाठ मारतात.

"मावशी, तुझी गाठ कधी सुटलीये?"

"लहानपणी एकदा," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "डोळा लागला तेव्हा घरी होते. जाग आली ती समुद्रापलीकडे."

"माझी रोज सुटते. इथे तर सगळ्याचं वजनही कमी. मग नाडीला झालंय काय?"

"वजन कमी होतं गं, जडत्व नाही." (जडत्व म्हणजे आहे त्याच चालीत राहण्याचा वस्तूचा हट्ट.) "हट्ट पृथ्वीवर जेवढा, तेवढाच इथे. चालून दाखव बघू."

शाल्मली गॅलरीभर चालली. मावशीने एक डोळा उघडला.

"पाय आपटला की गाठीला हिसका बसतो, ती जराशी सैल होते. मग पाय थांबतो, पण नाडीची मोकळी टोकं थांबायला तयार नसतात. ती पुढे झेपावतात आणि गाठीतून थोडी नाडी ओढून नेतात. प्रत्येक पावलाला थोडी थोडी."

"मग सगळ्यांचीच सुटायला हवी! आमच्या संघातल्या यामिनीची तर कध्धी सुटत नाही."

"आता खाली बघ. तुझ्या गाठीचे दोन कान, ते नाडीचे दोन फासे, कुठे तोंड करून आहेत?"

एक कान बुटाच्या टोकाकडे होता, दुसरा नडगीकडे.

"म्हणजे गाठ वाकडी बसलीये. तू आधी साधी अर्धी गाठ मारतेस, मग कानांची. दोन्ही वेळा उजवी बाजू डावीवरून. दोन्हींचा पीळ एकाच अंगाला. अशी गाठ ओढ बसली की स्वतःच फिरते, आणि घर्षणाची (एकमेकींवर घासून अडवणाऱ्या बळाची) पकड टिकत नाही. शिकवलं कोणी?"

"पहिली अर्धी आईने, मागे बसून, हात धरून. कानांची शाळेतल्या यंत्रमानवाने, समोर बसून."

मावशी हसली. हसू तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सळसळत गेलं.

"समोरच्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येतो. तू त्याला आरशासारखं गिरवलंस. अर्धी गाठ आईची, अर्धी आरशातली! दोघांनी बरोबर शिकवलं, फक्त एकमेकांना विचारलं नाही. आता पहिली अर्धी उलटी मार. डावी बाजू उजवीवरून. पुढचं नेहमीसारखं."

शाल्मलीने तसं केलं. दोन्ही कान बुटावर आडवे पसरले, पंख उघडून बसलेल्या फुलपाखरासारखे.

"एक अर्धं सुटू लागलं की दुसरं त्याला अडवतं," मावशी जांभई देत म्हणाली.

"एवढंच?"

"एवढ्यावर आमचा अख्खा ग्रह झोपतो."

दुसऱ्या दिवशी सामन्यात शाल्मली सुरुवातीला दर दोन पावलांनी खाली बघत होती. मग ती बघायचं विसरली. पाठलाग करणारी मुलगी जवळ आली, तशी तिने अशी उडी घेतली की मैदान खाली राहिलं आणि ती हवेत लांबच लांब तरंगत राहिली. वर पृथ्वी होती. तिथे कितीतरी माणसं वाकड्या गाठी मारून फिरत असतील, तिला वाटलं. त्यांनाही कोणीतरी सांगेल. फार अवघड नाहीये ते.

या विचारात ती अगदी शांतपणे, त्या मुलीच्या पसरलेल्या हातांत उतरली.

"बाद!"

शाल्मली मान खाली घालून बाकाकडे निघाली.

"ए!" मिठबावकर सर ओरडले. "बूट?"

"दोन्ही पायांत आहेत, सर."

"मग तिकडे कुठे? पाणी पी आणि ये. पुढच्या डावात पाठलाग आपला आहे."