चोल्पूतलं एकटं नाणं

हे घडलेलं आहे. रचलेलं असतं तर मी त्यात मध्यरात्र नक्की घातली असती.

पण ही गोष्ट दुपारची... मागच्या डिसेंबरातल्या एका गुरुवारची, नारिन गावच्या बाजारातली.

झूरा माझी शेजारीण. बावन्न वर्षांची, इस्पितळात चादरी धुते. आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर राहतो. थंडीत नळ गोठले की पाणी खालून वाहून आणायचं. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टर म्हणाले, राजधानीत, बिश्केकला जाऊन ऑपरेशन करा. म्हणायला काय जातं?

तिची आई, कालिपा अपा, ऑक्टोबरात गेली. मागे राहिलं ते एक चांदीचं नाणं. रशियाच्या झारच्या काळातला रुबल, वर भोक पाडलेला.

भोक असणारच. अपाच्या पिढीच्या बायका वेणीच्या टोकाला नाणी बांधायच्या. त्याला चोल्पू म्हणतात. दोन वेण्या, दोन नाणी. बाई चालली की ती एकमेकांवर आपटतात... छन्. छन्. सून घरात कुठे आहे, ते सासूला मान न वळवता कळतं.

एकटं नाणं मात्र वाजत नाही.

दुसरं कुठे गेलं, ते झूरालाच ठाऊक होतं. अपाला शेवटची आंघोळ घालताना वेण्या सोडून अंगावरचं सगळं उतरवायचं होतं. दिवसभर पाहुण्यांचं करून झूरा उभ्या उभ्या पेंगत होती. उजवी वेणी सोडली.

डावी राहिली.

"सगळं काढलंस ना गं?" बायकांनी विचारलं.

"हो."

आठवलं तेव्हा अपा मातीआड गेली होती.

तर त्या गुरुवारी झूरा नाणं घेऊन सातिबाल्दीकडे गेली. तो घड्याळं दुरुस्त करतो आणि जुनी नाणीही ओळखतो. त्याने चुंबक लावलं, तोललं, भिंग लावून पाहिलं.

"चांदी अस्सल आहे, एजे." एजे म्हणजे ताई. "पण भोक पाडलंत, आणि भाव त्यातूनच गळून गेला."

"मी नाही पाडलं. जा, माझ्या पणजीशी भांड."

तो हसला. नाणं काचेवर टाकलं. चांदी कशी खणकते ते ऐकायला...

टक्.

लाकूड पडावं तसं.

"चांदी बोलते, एजे. ही तोंड मिटून बसलीय." त्याने पुन्हा टाकलं. टक्. "जोडी असती तर गोष्ट वेगळी होती. हौशी माणसं जोडीला मागाल ते देतात. दोन्ही गुडघे नवे करून घेतले असतेत! दुसरं कुठाय?"

"नाही."

"घरात शोधा की."

"घरात नाही, म्हटलं ना!"

आता थंडीभर पुन्हा त्याच बादल्या. झूराला एकदम सगळ्याचा शीण आला. पाठीमागे भिंतीशी स्टूल होतं. ती वळली. तिकडे चार पावलं टाकली...

छन्. छन्. छन्. छन्.

"वा, एजे! जोडी खिशात, आणि मला म्हणता नाही!"

झूराने दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल निघाला. पावाचा तुकडा निघाला.

सातिबाल्दीने खाली पाहिलं. नाणं त्याच्यासमोर काचेवर पडलेलं होतं.

"चाला बरं परत," तो हळूच म्हणाला.

ती एक पाऊल चालली.

छन्.

त्याने नाणं कागदात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "न्या. फुकट दिलंत तरी मला नको."

त्या संध्याकाळी झूरा पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर तिचा गुडघा नेहमी अडतो, तशी थांबली.

वरच्या पायऱ्यांवर... छन्. मग शांत.

अपा अशीच थांबायची. चार पायऱ्या पुढे, काही न बोलता, लेक येईपर्यंत.

झूराने पाऊल उचललं, तसा आवाजही पुढे निघाला.

महिनाभर हे रोज चाललं. मी माझ्या कानांनी ऐकलंय, दाराला पाठ लावून. मौलवींना विचारलं, त्यांनी दुआ पढली. कबर उघडायची कुणाची छाती नव्हती. कबरीवरचं बर्फही तसंच होतं, एक पाऊल नाही.

नाणं आता कपाटात आहे. विकायचा विषय झूरा काढत नाही.

विकायची गरजही राहिलेली नाही. जानेवारीत तिचा गुडघा दुखायचा थांबला. आपोआप. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि फोटोकडेच बघत बसले. आता ती दोन बादल्या घेऊन न थांबता चढते.

म्हणजे, चढू शकते.

परवा मी तिच्या मागून येत होते. दुसऱ्या मजल्यावर ती बादल्या ठेवून उभी राहिली.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. ओठांवर बोट ठेवलं. आणि मला ऐकू आलं... पुढे नाही, आमच्या मागे, खालच्या पायऱ्यांवर.

छन्... मग बराच वेळ काही नाही... मग पाय ओढल्यासारखं... छन्.

"चढ, अपा," झूरा अंधाऱ्या जिन्याकडे बघत म्हणाली. "सावकाश. मी थांबलेय."