नव्या प्रेषकाचे नाव

"माफ करा. प्रेषकाची ओळख पटली नाही," भिंतीवरची तळहाताएवढी पाटी म्हणाली.

रंगनाथ खरमाळे ओशाळून हसले. गेली तीन वर्षे ते रोज सकाळी या पाटीसमोर बसून मुलीशी, मृदुलाशी बोलत. ती गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या यानात शीतनिद्रेत होती. तिला जाग यायला अजून तीन वर्षे होती. तोवर बाबांचे निरोप यानाच्या संगणकात एकामागे एक थांबून राहणार होते. मांजरीला पिल्ले झाली, आईने भाजी करपवली, असले हजारभर निरोप त्या रांगेत साठले होते.

पाटीने सलग तीन दिवस त्यांना नाकारले. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी शालनताई जव्हारहून बस पकडून नाशिकच्या संदेश केंद्रात गेल्या. तिथे डॉ. रेहाना मुकादम भेटल्या. घरोघरच्या त्या पाटीला सगळे 'द्वार' म्हणत आणि द्वाराची रचना करणाऱ्या चमूत रेहाना होत्या.

"बिघडलंय हो ते. आवाज यांचा, चेहरा यांचा, आणि म्हणे ओळख पटत नाही!"

"काकू, आवाज आणि चेहरा आता कुठलंही यंत्र हुबेहूब करतं. द्वार ते बघतच नाही."

त्यामागे कारण होते. यानाच्या आज्ञा आणि घरचे निरोप एकाच रांगेतून जात. पूर्वी एका यानावर कुणीतरी कप्तानाच्या आईच्या आवाजात खोटा निरोप घुसवला होता, आणि त्यात दडवलेल्या आज्ञेने इंधनाची झडप उघडली होती. त्यानंतर माणसे आणि रांग यांच्यामध्ये द्वार आले. ते एखादा शब्द देऊन प्रत्येकाची 'स्मृतिमुद्रा' तपासे. समुद्र म्हटले की कुणाला आधी सुके बोंबील आठवतात, कुणाला बुडालेला मित्र. तिथून मन कुठल्या दुसऱ्या आठवणीवर उडी मारते, ती वाट बोटाच्या ठशासारखी ज्याची त्याची असते. वाट जुळली की द्वाराला काही सेकंदांचा परवाना मिळे, तोही बोलून झालेला एक निरोप रांगेत ठेवण्यापुरता. रांगेतले वाचायची किंवा काढून घ्यायची मुभा खुद्द द्वारालाही नव्हती.

रेहानांनी पडद्यावर दोन चित्रे उघडली. "ही काकांची मुद्रा तीन वर्षांपूर्वीची. ही परवाची."

पहिले चित्र भरगच्च झाडासारखे होते. दुसऱ्यात चार-दोन फांद्या उरल्या होत्या. शालनताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. रंगनाथ विसरतात हे त्यांना माहीत होते. त्या विसरण्याला घरात अजून कुणी नाव दिले नव्हते.

"थोडी सूट द्या ना त्यांना."

"तीच सूट खोटारड्या यंत्रांनाही मिळेल, काकू. यानात अकरा जण झोपलेत." रेहानांनी चित्रे मिटली. "काकांना आजच्या मुद्रेवर नवीन प्रेषक म्हणून घेता येईल. तुमची संमती पुरे. पण 'वडील' या नात्याला जागा एकच आहे. आधीचा प्रेषक समाप्त झाला, असं तुम्हाला प्रमाणित करावं लागेल."

"समाप्त म्हणजे?"

"गेला."

"जिवंत माणसाचं असं लिहून देऊ? आज सकाळी त्यांनी माझ्या वेणीसाठी अबोली तोडून आणली!"

रेहानांची मान खाली गेली. "नियम केला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त चोर होते. बदलत जाणारी माणसं लक्षातच आली नाहीत." मग त्या हळूच म्हणाल्या, "एक करा. रांगेत जे आधी जातं ते आधी पोचतं. समाप्तीची सूचना मुलीलाही जाईल, त्याआधी तुमचा निरोप जाऊ द्या."

आठ दिवस शालनताईंचा हात धजला नाही. रंगनाथ रोज भांग पाडून पाटीसमोर बसत आणि नकार ऐकून उठत. नवव्या दिवशी त्यांनी विचारले, "मी मृदूला काही वेडंवाकडं बोललो का गं?"

तेव्हा मात्र त्या उठल्या. द्वाराला स्वतःची ओळख पटवून त्या बोलल्या, "मृदू, पुढची सूचना ऐकून घाबरू नकोस. बाबा इथंच बसलेत, शेंगा सोलताहेत. त्यानंतर त्यांच्याच आवाजात कुणी नवीन माणूस बोलेल. तो कदाचित तुला नीट ओळखणार नाही. तू मात्र त्याला ओळख."

मग त्यांनी पाटीवरच्या 'समाप्ती'वर अंगठा टेकवला.

"नवीन प्रेषक, नाव सांगा," पाटी म्हणाली.

"रंगनाथ."

"हे नाव समाप्त प्रेषकाचे आहे. दुसरे सांगा."

रंगनाथांनी गोंधळून बायकोकडे पाहिले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लग्नात, याच माणसाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'शालन' लिहिले होते आणि माहेरची कुमुद तिथेच संपली होती. त्यानंतर महिनाभर त्या नव्या नावाला त्यांच्या तोंडून ओ निघाली नव्हती.

"मुकुंद," त्या म्हणाल्या. का ते त्यांनाही सांगता आले नसते.

"मुकुंद," रंगनाथांनी पाटीला सांगितले आणि पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखे, स्वतःशी म्हटले. पाटी हिरवी झाली. मग ते अर्धा तास मृदुलाशी बोलले. मांजरीचे नाव दोनदा चुकले, पण ते हसले मात्र अगदी पूर्वीसारखे. शालनताई पदराने डोळे टिपत शेजारी बसून राहिल्या.

संध्याकाळी फाटकातून शेजारच्या तांबट मास्तरांनी हाक मारली, "रंगनाथराव, येताय ना फिरायला?"

ते अंगणात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. तरी नाही.

शालनताई दारात आल्या. जन्मभर त्यांनी नवऱ्याला नुसते "अहो" म्हटले होते. नाव म्हणून कधी घेतले नव्हते.

"मुकुंद," त्या म्हणाल्या.

"ओ," ते लगेच म्हणाले, आणि हसून उठले.