सव्वाचारचा रिकामा ग्लास

“आजोबा, तुम्ही तर एकटेच राहता. मग रोज दोन ग्लास कोणासाठी भरता?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि भिंगरीला वाटलं, जीभ चावावी. पण पैज म्हणजे पैज. वर्गातल्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, “वक्तृत्वाचा वर्ग लावलायस ना मोठा? मग लिफ्टवाल्या आजोबांना विचारून दाखव!” महिन्यापूर्वी ती शेपूट घालून पळाली असती. आता मात्र तिचा आवाज शाळेच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. शिवाय ती खासगी गुप्तहेर होती. तसं वहीच्या पुठ्ठ्याचं ओळखपत्रच तिने स्वतःला दिलं होतं.

तळमजल्याच्या व्हरांड्यात छोटं टेबल, दोन खुर्च्या. सरबताचा एक ग्लास अर्धा, दुसरा काठोकाठ. फाटकाबाहेर मैत्रिणींची खिदळाखिदळ चाललेली.

आजोबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कुठे काय खडखडतंय ते ऐकावं, तसं त्यांनी मान तिरकी करून तिचं ऐकून घेतलं.

“बायकोसाठी,” ते म्हणाले. “ती जाऊन दोन वर्षं झाली. हात मात्र अजून दोनच ग्लास काढतात. पण बाळ, खरा प्रश्न वेगळाच आहे. तो ग्लास पितं कोण?”

बाहेरची खिदळाखिदळ एकदम थांबली.

“म्हणजे?”

“सोमवार ते शुक्रवार, सव्वाचारला मुलीचा फोन येतो. फोन आतल्या भिंतीवर. वीसेक मिनिटं बोलतो आणि बाहेर येतो, तर दुसरा ग्लास रिकामा, तळाशी द्राक्षसुद्धा उरलेलं नाही. तीन आठवडे झाले.”

“रोज?”

“सोमवारी नाही. आणि गेल्या बुधवारी अननसाचा केला होता, तो तस्साच राहिला.”

“चोर!” भिंगरीचे डोळे चमकले. “आजोबा, हे प्रकरण माझ्याकडे द्या.”

आजोबा हसले नाहीत. “चोर निघाला तर त्याच्या गळ्यात हार घालीन. कारण चोर नसेल, तर मीच पितो आणि विसरतो. शनिवारी मुलगी येतेय. बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला, असा तिचा धोशा आहे. मला हे घर सोडवत नाही. पण आज ग्लास विसरतोय, उद्या गॅस विसरलो तर? मग कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

भिंगरीने पाच बोटं मोजली. शनिवारला पाच दिवस होते.

तिने घरी येऊन लगेच निवांतला फोन लावला. निवांत ही तिची जिवलग मैत्रीण आणि तपासातली मदतनीस. कशाचीच घाई नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिला विनोद कळायला पुढचा तास उजाडायचा, आणि मग ती एकटीच हसायची.

ग्लासाची सगळी हकीकत सांगून ती म्हणाली, “निघ आणि ये! भलतंच प्रकरण हाती लागलंय!”

“आज नको गं. आज आई घरी आहे.”

“बरं, उद्या. वक्तृत्वाच्या सरांचाच घसा बसलाय, आठवडाभर वर्गाला सुट्टी. चार ते सहा मी मोकळी!”

मग निवांत म्हणाली, “उद्या नक्की.”

मंगळवारी दोघी आजोबांच्या दारात हजर झाल्या. भिंगरीने बूट पायानेच भिरकावले. निवांतने आपल्या बुटांच्या पट्ट्या चर्रकन सोडवून ते भिंतीशी नीट लावले.

आजोबा ओट्याशी उभे होते. कपाटाच्या दारावर बायकोच्या अक्षरातला कागद होता, वर ‘स्प्रिट्झर’ असं नाव. आजोबा त्याला नुसतं ‘फेसाळ’ म्हणत.

“दोन मिनिटांचं काम,” ते म्हणाले. आज ग्लास चार होते. संत्र्याच्या फोडी तळाशी घालून त्यांनी लाकडी दांड्याने अलगद चेपल्या. वर अर्धं लिंबू, चमचाभर मध, चिमूट मीठ. पुदिन्याची दोन पानं तळहातांत ठेवून टाळी वाजवली आणि टाकली. मग मूठभर गोठवलेली द्राक्षं.

“बर्फ का नाही?” भिंगरी.

“बर्फ वितळला की सगळं पाणचट. द्राक्ष वितळत नाही. आता शेवटी सोडा, ग्लास तिरका धरून. आणि ढवळायचं नाही. बुडबुडे आपापले वर येतात, त्यांना लिफ्ट लागत नाही.”

भिंगरी खो खो हसली. निवांत नुसती बघत राहिली.

“अननसाच्या फोडी आहेत बघा फ्रीजमध्ये,” आजोबा म्हणाले.

“मला चालतील!” भिंगरीने बशी ओढली.

“मला नको,” निवांत म्हणाली. “जीभ सोलवटते माझी.”

आजोबांनी आपला ग्लास संपवला. द्राक्षं तशीच तळाशी राहिली होती. “गार दातांना झोंबतं,” ते म्हणाले. “ती असताना माझ्या वाटणीचीही तीच खायची. मग आता घालायची कशाला? पण घालतो.”

भिंगरीने दोन घोटांत ग्लास संपवून संशयितांची यादी सुरू केली. ती संपेतो निवांतने चमच्याने एकेक द्राक्ष काढून खाल्लं, ग्लास विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

सव्वाचारला फोन वाजला. दोघी जिन्याखाली दबा धरून बसल्या. व्हरांड्यात दुसरा ग्लास एकटाच होता. बुडबुडे येत होते, येत होते, मग विरळ झाले, मग थांबले. मांजरसुद्धा फिरकलं नाही.

“सावध झालाय चोर,” भिंगरी कुजबुजली.

बुधवारीही तेच घडलं. आजोबा बाहेर आले, भरलेल्या ग्लासाकडे बघून खुर्चीत बसले.

“कळलं मला,” ते म्हणाले. “तुमचा पहारा असला की तो भरलेला राहतो. म्हणजे बाहेरचं कोणी येतच नाही. मीच तो.”

“अहो, पण आजोबा—” भिंगरीच्या तोंडून पुढचे शब्दच फुटेनात. एवढा वक्तृत्वाचा वर्ग लावून!

“माळ्यावरून बॅग काढली आहे,” आजोबा म्हणाले. “शनिवारी जाईन तिच्याबरोबर.”

निवांत काहीतरी बोलायला पुढे झाली, आणि तशीच मागे सरली.

गुरुवारी भिंगरीने डाव बदलला. “तू खाली पहारा दे. मी वर व्हायोलिनच्या बाईंची जबानी घेते. त्यांची खिडकी बरोबर या व्हरांड्यावर येते.”

बाईंकडे तीन विद्यार्थी तारांवर करवत चालवल्यासारखं वाजवत होते.

“मी पिते तो ग्लास?” बाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, चार ते पाच या तिघांना सोडून मी खाली गेले, तर इथे एकमेकांचे गज मोडतील. विचार त्यांनाच.”

तिघांनी माना डोलावल्या.

“वरून कोणी दिसलं तुम्हाला?”

बाईंचा आवाज उतरला. “मी खाली बघतच नाही. दोन ग्लास आणि एक माणूस. नाही बघवत.”

तेवढ्यात खालून फोनची घंटा ऐकू आली, मग आजोबांचा आवाज: “हो गं, औषध घेतलं... नाही, विसरलो नाही...” भिंगरी खिडकीशी कान लावून उभी राहिली. बोलणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग एका दमात जिना उतरली.

दुसरा ग्लास रिकामा! द्राक्ष नाही, फोड नाही. बशीवर व्यवस्थित पालथा घातलेला.

“निवांत! कोण आलं होतं?”

“दिसलं नाही. बुटाची नाडी बांधत होते.”

“वीस मिनिटं?”

“दोन्ही बुटांची,” निवांत म्हणाली.

आजोबा दारात आले आणि चौकट धरून उभे राहिले. “असाच असतो. अगदी असाच, पालथा.”

“आजोबा, तुम्ही नाही! तुमचा शब्दन् शब्द मी वरून ऐकत होते. तुम्ही फोनपाशीच होतात!”

आजोबांनी दोनदा पापण्या मिटल्या. “मग कोण?”

फाटकाशी पाण्याचे जार आणणारा उभा होता. रिकामे जार हातगाडीवर रांगेने पालथे! भिंगरीने त्याच्यावर झडपच घातली.

“तुम्ही वस्तू पालथ्या घालता!”

“पोरी, जार पालथा नाही घालणार तर काय डोक्यावर घेणार?” तो म्हणाला. “आणि मी येतो सोमवारी न् गुरुवारी. बाकीच्या दिवशी तुझा ग्लास प्यायला काय माझं भूत येतं? सोडा प्यायलो तर जिन्यावर ढेकरा देत चढावं लागेल.”

भिंगरी वरमली. सोमवारी तर ग्लास भरलेला राहत होता. तो सुटला.

शुक्रवारी सकाळी तिने आरशासमोर निकालाच्या भाषणाची तालीम सुरू केली. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा... आणि बूट घालायला खाली वाकली ती तशीच बसून राहिली.

चार वाजता सगळे व्हरांड्यात जमले. आजोबा, विद्यार्थ्यांना अर्धा तास सुट्टी देऊन आलेल्या बाई, आणि कठड्याला टेकून निवांत. कोपऱ्यात बॅग भरून ठेवलेली होती. भिंगरीचा आवाज आज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नसता.

“आजोबा, तुम्ही निर्दोष आहात हे मला मंगळवारीच कळायला हवं होतं. गार द्राक्षं तुमच्या दातांना झोंबतात, ती तुमच्या ग्लासात उरतात. दुसऱ्या ग्लासात एकही उरत नव्हतं. विसरणाऱ्या माणसाचेसुद्धा दात तेच असतात ना?”

आजोबांनी नकळत गालाला हात लावला.

“बाई सुटल्या, कारण त्यांना तीन साक्षीदार आहेत. जारवाले सुटले, कारण त्यांचे वार जुळत नाहीत. उरलं असं माणूस, ज्याला अननस सोसत नाही. जे ग्लास प्यायलं की पालथा घालतं. ज्याला सोमवारी इथे यायची गरज पडत नाही, कारण सोमवारी त्याच्या घरी कोणीतरी असतं.”

“मग आम्ही पहाऱ्यावर असताना का आलं नाही?” आजोबांनी विचारलं.

“आलं होतं,” भिंगरी म्हणाली. “माझ्याच शेजारी बसलं होतं. मग बुधवारी तुम्ही स्वतःला दोष दिलात, आणि गुरुवारी तुम्ही फोनवर असताना त्याने मुद्दाम ग्लास रिकामा केला. तुम्हाला सोडवायला. एकच चूक झाली. त्याने नाडीचं कारण सांगितलं.” ती निवांतकडे न बघता पुढे म्हणाली, “त्याच्या बुटांना पट्ट्या आहेत.”

कोणी खाली पाहिलं नाही. निवांतनेच आपल्या बुटांकडे पाहिलं.

“मी,” ती म्हणाली.

“पण तीन आठवडेच का?” बाईंनी हळूच विचारलं.

“ते मी सांगते,” भिंगरी म्हणाली. “तिची आई नर्स, बाबा रुग्णवाहिका चालवतात. आठच्या आत कोणी घरी येत नाही, फक्त सोमवारी आईला सुट्टी. आधी ती रोज शाळेतून माझ्याकडे यायची. तीन आठवड्यांपूर्वी मी वर्ग लावला आणि टाटा करून निघून गेले. जगभरच्या चौकशा करते मी. हिला एकदाही विचारलं नाही, तू चार ते आठ कुठे असतेस.”

निवांत तिच्या नेहमीच्या संथ चालीत बोलू लागली. “रागवले नव्हते मी. पण कुलूप उघडून आत गेलं की फ्रीजचा तेवढा आवाज येतो. इथून जाताना हा ग्लास दिसायचा. कोणीतरी कोणासाठीतरी भरून ठेवलेला. पहिल्या दिवशी एकच घोट घेणार होते. मग सगळाच प्यायले आणि जिन्याआड लपले. आजोबा बाहेर आले, रिकामा ग्लास बघून हसले. मला वाटलं, त्यांना बरं वाटतंय. म्हणून रोज यायला लागले. तुम्ही घाबरला असाल असं मनातच आलं नाही. सोमवारी हिने सांगितलं, मग तर तोंडच उघडेना.”

आजोबांनी त्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं.

“हसलो होतो खरा,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी वाटलं, ती येऊन गेली.”

वरून एका विद्यार्थ्याने तार छेडली. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि “आले रे!” असं उगाच ओरडल्या.

“मुलीला आज फोनवरच सांगतो,” आजोबा उठले. “भेटायला ये, न्यायला येऊ नकोस. आणि तू गं,” त्यांनी निवांतकडे बोट केलं, “उभ्याने चोरून प्यायचं नाही. खुर्ची आहे ना तिथे? माझी द्राक्षंही संपवायची. वाया जातात.”

निवांत त्या दुसऱ्या खुर्चीच्या अगदी काठावर बसली.

घरी भिंगरीची आई इस्त्री करत होती, बाबा मोज्यांच्या जोड्या लावत होते.

“एक निर्णय झालाय,” भिंगरी दारातूनच म्हणाली. “चारचा वर्ग बंद. मी सकाळी सहाच्या वर्गाला जाणार. सरांना चिठ्ठी देऊन आले.”

“सहा?” बाबांच्या हातातला मोजा पडला. “तुला साडेसातला उठवताना माझा घसा बसतो!”

“तोंडावर पाणी ओता.”

“आणि हे आम्हाला आत्ता सांगतेस? आधी विचारायचं नाही?” आईने इस्त्री उभी केली.

“विचारलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असतात. उद्यापासून निवांत आजोबांकडून आली की रात्री आठ वाजेपर्यंत आपल्या घरी असणार. मी घरी असले तरी, नसले तरी.”